झोंबतंय म्हणजे काम करतंय, असं कुणी सांगितलं?

मागच्या वेळी घरी करायच्या साध्या लोशनबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती की व्हिटॅमिन सी चं पुढे कधीतरी बघू, आणि तेवढ्यावर इतकी पत्रं आली की आता टाळायला जागाच नाही. निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार एकच, चेहऱ्याची आग झाली. म्हणून यावेळचं सगळं सदर सेन्सिटिव्ह स्किनवाल्यांसाठी.

प्रश्न: ताई, माझी स्किन भयंकर सेन्सिटिव्ह आहे, नुसता साबण बदलला तरी गाल लाल होतात. डाग कमी व्हावेत म्हणून मी ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर आणली, पाण्यात विरघळवली आणि घरच्या लोशनमध्ये साधारण १५ टक्के पडेल अशी मिसळली. पहिल्याच रात्री गालांची लाही लाही झाली. मैत्रीण म्हणते झोंबतंय म्हणजे काम करतंय, आठवडाभर सहन कर. करू का?

नको. आजपासून बंद, आणि गाल पूर्ण शांत होईपर्यंत साध्या मॉइश्चरायझरशिवाय काही लावू नका.

आता झालं काय ते सांगते. ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी, आणि ते नावाप्रमाणे ॲसिडच आहे. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) साधारण ५ च्या आसपास असतो आणि १५ टक्के ॲस्कॉर्बिक ॲसिडचं पाणी असतं २ ते ३ च्या मध्ये. पीएचच्या मोजपट्टीत एक आकडा खाली म्हणजे आम्लता दहापट, त्यामुळे ५ वरून ३ वर येणं म्हणजे शंभरपट! धडधाकट स्किन तेवढं पचवून नेते, तुमची नाही नेणार. बरं, पीएच वाढवून टाकू म्हणाल तर तेही जमत नाही. २००१ साली डुकराच्या त्वचेवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ॲस्कॉर्बिक ॲसिड आत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो आणि २० टक्क्यांच्या पुढे वाढवून काहीच फायदा नाही. म्हणजे झोंबणारं ठेवलं तर तुम्हाला चालत नाही आणि न झोंबणारं केलं तर ते आत जात नाही, वर पाण्यात विरघळलं की ते हवेने, उजेडाने, पाण्यातल्या लोखंड-तांब्याच्या अंशाने भराभर खराब होतं ते वेगळंच.

इथे कामाला येतात ती डेरिव्हेटिव्ह, म्हणजे व्हिटॅमिन सी ची थोडी बदललेली रूपं. ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या रेणूची जी जागा चटकन हवेशी भांडते तिथे फॉस्फेटची, साखरेची किंवा अशीच दुसरी कडी घालून ठेवलेली असते, आणि त्वचेतली एन्झाइम्स ती कडी हळूहळू काढतात. कडी असेपर्यंत रेणू शांत असतो आणि त्याला आम्लधर्मी पाण्यात ठेवायची गरज पडत नाही. यातली घरी वापरण्यासारखी नावं म्हणजे सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट (याला सगळे एसएपी म्हणतात), मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट म्हणजे एमएपी, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड, आणि तेलात विरघळणारं टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेट, ज्याचं नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक बाटली लोशन बक्षीस.

तुमच्यासाठी मी एसएपी सुचवेन, २ टक्के. ते पीएच ६.५ ते ७ ला खुशाल बसतं. ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडसुद्धा चालेल, तेही २ टक्केच, त्याला पीएच थोडा खाली म्हणजे ६ च्या आसपास ठेवायचा. इथाइलवालं सेन्सिटिव्ह स्किनला पहिल्या फटक्यात देऊ नये असं माझं मत, कारण त्याने कॉन्टॅक्ट ॲलर्जी झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, थोड्या आहेत पण आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच ओरडाल. डेरिव्हेटिव्ह सौम्य आहे तसं हळूही आहे. वर सांगितलेल्या त्याच अभ्यासात एमएपी लावून त्वचेतली व्हिटॅमिन सी ची पातळी वाढलेली दिसली नव्हती. दुसरीकडे १० टक्के एमएपीच्या क्रीमने काही जणांचे डाग फिके झाल्याचे अभ्यासही आहेत. शिवाय कडीचंही वजन असतं. एसएपीच्या रेणूत खरं व्हिटॅमिन सी जेमतेम निम्म्याच्या थोडं वर, म्हणजे २ टक्के एसएपी घातलं की हातात पडतं १ टक्क्याच्या आसपास. त्या लांब नावाच्या तेलातल्या प्रकारात तर जेमतेम सोळा टक्केच. तेव्हा पंधरा दिवसांत आरशात चमत्कार शोधू नका.

प्रश्न: एसएपी घालून लोशन करायचं तर नेमकं प्रमाण द्या ना. चमचा-वाटीत दिलंत तर बरं.

चमचा-वाटीत देणार नाही, राग नको. पावडरचा एक चमचा कधी अडीच ग्रॅम भरतो कधी चार, आणि सेन्सिटिव्ह स्किनच्या बाबतीत हाच फरक नडतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि पाणीसुद्धा वजनानेच मोजा.

१०० ग्रॅम लोशन धरू. एका भांड्यात डिस्टिल्ड वॉटर ६५.८ ग्रॅम, ग्लिसरीन ३, डायसोडियम ईडीटीए ०.२ (हे पाण्यातले धातूचे अंश बांधून ठेवतं). दुसऱ्यात स्क्वालेन किंवा तुम्हाला सोसणारं कुठलंही बिनवासाचं तेल १०, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल-पाणी एकजीव करणारं मेण) ५, सिटाइल अल्कोहोल २ (नावात अल्कोहोल आहे म्हणून घाबरू नका, हे मेणासारखं असतं, सुकवत नाही). दोन्ही भांडी गरम पाण्यात ठेवून ७० ते ७५ डिग्रीपर्यंत न्या, मेण पूर्ण वितळलं की एकत्र करून हँड ब्लेंडरने दोनतीन मिनिटं फिरवा, मग निवेपर्यंत अधूनमधून ढवळत राहा. तोवर तिसऱ्या वाटीत १० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये एसएपी २ ग्रॅम विरघळवून ठेवा. लोशन ४० डिग्रीच्या खाली आलं, म्हणजे भांड्याला हात लावला तर नुसतं कोमट लागतं, की ही वाटी ओता, पॅन्थेनॉल १ ग्रॅम आणि फिनॉक्सीइथेनॉल-इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं मिश्रण (हे प्रिझर्व्हेटिव्ह) १ ग्रॅम घाला, परत फिरवा. झाले १००.

आता पीएच. एसएपी पाण्यात गेलं की पाणी अल्कधर्मी होतं, म्हणून बहुतेक वेळा थोडा खाली आणावा लागतो. एक ग्रॅम लोशन नऊ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून त्यात पीएचची पट्टी बुडवा, घट्ट क्रीमवर नुसती पट्टी टेकवून रंग नीट कळत नाही. जास्त आला तर लॅक्टिक ॲसिडचं पातळ पाणी थेंब थेंब घालत, दर वेळी ढवळून, ७ च्या किंचित खाली थांबा. "त्वचेचा पीएच ५ ना, मग लोशन पण ५ ला आणते" असं करू नका! ६ च्या खाली एसएपी अस्थिर होतं आणि कधीकधी बारीक खडे धरून बसतं, बोटाला रव्यासारखे लागतात.

वॅक्सबद्दल एक, हे कुणी सांगत नाही. इमल्सिफाइंग वॅक्स या एकाच नावाने वेगवेगळे माल मिळतात. एकात पॉलिसॉर्बेट ६० असतं, तो घ्या. दुसऱ्यात सोडियम लॉरिल सल्फेट असतं, तोच जो फेसाच्या साबणा-शांपूत असतो, आणि लावून ठेवायच्या लोशनमध्ये सेन्सिटिव्ह स्किनला तो अजिबात नको. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये असंच सोडियम लॉरिल सल्फेट असलेल्या ॲक्विअस क्रीमबद्दल इशारा दिला होता की एक्झिमावाल्यांना, खास करून लहान मुलांना, लावून ठेवलं तर त्रास होऊ शकतो. म्हणजे व्हिटॅमिन सी वर खापर फुटतं आणि गुन्हेगार मेणात लपलेला असतो. पाकिटामागची घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊच नका.

प्रश्न: मी कार्बोमरचं (पाणी घट्ट करणारी पावडर) छान घट्ट जेल केलं होतं, त्यात एसएपी घातलं आणि दोन मिनिटांत सगळं पाणी. पावडर भेसळीची असेल का?

पावडर बिचारी ठीक आहे. एसएपी आणि एमएपी हे क्षार आहेत, आणि कार्बोमरचं क्षारांशी हाडवैर. कार्बोमरच्या साखळ्या एकमेकींना ढकलत फुगून बसलेल्या असतात म्हणून जेल घट्ट असतं, क्षार आला की ती ढकलाढकली थांबते आणि साखळ्या मिटून जातात. मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा वाटलं आपण नीट ढवळलं नाही, म्हणून अजून ढवळलं, मग अजून कार्बोमर घातलं, मग अजून ढवळलं, शेवटी दोनशे ग्रॅम गढूळ पाणी ओतून दिलं आणि नंतर पुस्तक उघडलं. उलटा क्रम, नेहमीचा.

झॅन्थन गम वापरा, ०.३ ते ०.५ टक्के, आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात, नाहीतर गुठळ्या होतात. किंवा हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज. दोघांना क्षारांचं काही वाटत नाही. आणि जेलच हवं असा हट्ट असेल तर ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड घ्या, तो क्षार नाही, पण आम्लधर्मी आहे, त्यामुळे त्याचा पीएच खाण्याच्या सोड्याच्या किंवा सोडियम हायड्रॉक्साइडच्या अगदी पातळ पाण्याने वर आणावा लागतो. इमल्सिफायर निवडतानाही हाच नियम. क्षार न सोसणारा घेतला तर लोशन त्या दिवशी मस्त दिसतं आणि आठवड्याने फाटतं.

प्रश्न: मी एसएपीच्या लोशनमध्ये केमिकल प्रिझर्व्हेटिव्ह वापरत नाही, फक्त सोडियम बेंझोएट घालते कारण ते सौम्य असतं, आणि व्हिटॅमिन ई पण घातलंय. तरी महिन्याभरात बाटलीच्या तोंडाशी काळे ठिपके आले. वरवरचे पुसून वापरू का?

ओतून द्या. बाटलीसकट टाका म्हटलं तरी चालेल. ठिपके दिसतात ती बुरशीची वरची बाजू, ती आत केव्हाच पसरलेली असते, आणि सोबत बॅक्टेरिया असतील तर ते तर डोळ्यांना दिसतही नाहीत.

सोडियम बेंझोएट हेही केमिकलच बरं का, पण तो वाद राहू दे, तुमची चूक निराळीच आहे आणि फार जण करतात. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट दोन्ही आम्लधर्मी ठिकाणीच काम करतात, पीएच ५ च्या वर गेला की त्यांचा जोर ओसरत जातो. तुमच्या लोशनमध्ये एसएपी आहे म्हणजे पीएच ७ जवळ, तिथे बेंझोएट नुसतं यादीत नाव लावण्यापुरतं. पीएच खाली आणावा तर एसएपी बिघडतं. दोघांचं एका घरात जमणारच नाही! म्हणून मी वर फिनॉक्सीइथेनॉलचं मिश्रण दिलंय, त्याला पीएचचं फारसं पडलेलं नसतं. फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा युरोपात १ टक्का आहे, तिच्यावर जाऊ नका, जास्त घातलं तर तेही झोंबतं.

बेंझोएट आणि साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड एकत्र ठेवणं मी तसंही टाळते. शीतपेयांमध्ये ही जोडी धातूच्या अंशामुळे थोडं बेंझिन तयार करते हे माहीत झालेलं आहे, मग घरी कशाला ती भानगड.

व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, बुरशीला नाही. द्राक्षबियांचा अर्क, कडुनिंब, टी ट्री वगैरेंवरही विसंबू नका. फ्रिजमध्ये ठेवलं की बुरशी हळू वाढते एवढंच.

प्रश्न: एवढ्या पावडरी आणण्यापेक्षा लिंबाचा रसच लोशनमध्ये पिळला तर?

नाही. पीएच २ च्या आसपास, व्हिटॅमिन सी ०.१ टक्कासुद्धा नाही, आणि लिंबाच्या सालीतले काही घटक उन्हात त्वचेला अक्षरशः भाजतात, फोड येऊन मागे काळे डाग राहतात. डाग घालवायला लिंबू लावायचं आणि डागच घेऊन बसायचं.

प्रश्न: माझं लोशन पिवळसर झालंय. खराब झालं का?

त्यात काय आहे यावर आहे. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड असेल आणि पिवळ्यावरून तांबूस-तपकिरी झालं असेल तर ते ऑक्सिडाइज झालंय, टाका. इथाइलवालं असेल तर हलका पिवळेपणा येतो, पण गडद होत गेलं तर तेही टाका. एसएपी असेल तर खरं म्हणजे महिनोन् महिने पांढरंच राहायला हवं, पिवळं झालं याचा अर्थ बहुधा पीएच घसरलाय किंवा तेल खवट झालंय. वास घेऊन बघा, खवट तेल लपत नाही. पुढच्या वेळी पन्नासच ग्रॅम करा, पंपाच्या अपारदर्शक बाटलीत भरा, तारीख लिहा, दोन महिन्यांत संपवा.

प्रश्न: पाणी, पीएच, प्रिझर्व्हेटिव्ह, मला यातलं काहीच नको. नुसत्या तेलात व्हिटॅमिन सी घालता येईल का?

येईल की! आणि कोरड्या सेन्सिटिव्ह स्किनला हे खरंच सोपं पडतं. टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेट २ ग्रॅम, स्क्वालेन ९७.५, व्हिटॅमिन ई ०.५, बाटलीत घालून हलवलं की झालं. पाणी नाही म्हणून पीएचही नाही आणि बुरशीची भीतीही नाही, फक्त ओल्या हाताने बाटलीत बोट घालायचं नाही. ॲस्कॉर्बिल पाल्मिटेटच्या मागे लागू नका, ते तेलात नीट विरघळत नाही, खाली वाळूसारखं बसतं. तेल टिकवायला चिमूटभर ठीक, त्वचेसाठी म्हणून मी वापरत नाही.

प्रश्न: ताई, मुलीला (वय २२) सगळ्याचीच ॲलर्जी येते. पॅच टेस्ट केली, हाताला काही झालं नाही, चेहऱ्याला लावलं तर तिसऱ्या दिवशी पुरळ. मग पॅच टेस्टचा उपयोग काय?

एकदा लावून चोवीस तास बघणं ही अर्धीच टेस्ट. ॲलर्जीवालं पुरळ कधीकधी दोनतीन दिवसांनी उठतं, आणि काही वेळा रोज लावत गेल्यावरच उठतं. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, निदान सात दिवस लावा, धुवायचं नाही. त्यानंतर कानामागे दोन दिवस. मग चेहरा, आधी जबड्याच्या कडेला.

पण मला विचाराल तर खरी युक्ती दुसरीच आहे आणि ती लोशन करतानाच करायची असते. एका वेळी दोन बाटल्या करा. एकीत सगळं आहे पण व्हिटॅमिन सी नाही, त्या जागी तेवढंच पाणी, पीएच मात्र दोन्हींचा सारखा. दुसरीत सी आहे. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात साधं आणि सी असं लिहा. आधी आठवडाभर साधं लावायचं, डाव्या हाताला. काही झालं नाही तर पुढच्या आठवड्यात सी, उजव्या हाताला. मी हे ज्यांना ज्यांना करायला लावलं त्यातल्या बऱ्याच जणी साध्या बाटलीवरच अडकल्या! कुणाला लव्हेंडरचं तेल सोसलं नाही, कुणाला प्रिझर्व्हेटिव्ह, एकीला लॅनोलिन. सी ची बाटली त्यांनी उघडलीच नव्हती आणि तक्रार मात्र सी ची होती. एकीने तर आधीच ठरवून टाकलं होतं की आपल्याला व्हिटॅमिन सी ची ॲलर्जी आहे. वासासाठी घातलेले चार थेंब काढले आणि प्रकरण मिटलं.

मुलीचं पुरळ पहिल्याच बाटलीला उठत असेल तर घटक एकेक करून काढत बसण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवरची पॅच टेस्ट करून घ्या, तिथे नेमकं कशाची ॲलर्जी ते नावानिशी कळतं आणि पुढची पाच वर्षं अंधारात चाचपडावं लागत नाही. रोसेशिया (चेहरा सतत लाल राहण्याचा आजार) असेल, एक्झिमा चिघळलेला असेल, स्किन सोललेली असेल तर तोवर घरचं काहीच नको, माझंही नको.

प्रश्न: नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा प्रकार) आणि व्हिटॅमिन सी एकत्र चालत नाही म्हणतात. माझ्या लोशनमध्ये दोन्ही आहे.

चालतं. ती जुनी भीती साध्या ॲस्कॉर्बिक ॲसिडबद्दलची, तीही जास्त तापमानाची. एसएपी आणि नायसिनामाइड दोघांना पीएच ६ ते ७ मानवतो. फक्त सेन्सिटिव्ह स्किन असेल तर नायसिनामाइड २ टक्क्यांवर ठेवा, आणि दोन्ही नवीन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करू नका.

प्रश्न: सकाळी लावू की रात्री? आणि सकाळी घाई असते, तर सनस्क्रीनमध्येच मिसळून ठेवलं तर चालेल का?

केव्हाही लावा, पण सकाळी लावलंत तर वरून सनस्क्रीन हवंच, व्हिटॅमिन सी म्हणजे सनस्क्रीन नव्हे. मिसळून मात्र ठेवू नका. सनस्क्रीनचा थर त्वचेवर एकसारखा बसावा म्हणून ते फार जपून जुळवलेलं असतं, त्यात आपलं लोशन ओतलं की एसपीएफ किती उरला हे कुणालाच सांगता येत नाही. आधी लोशन, मग कपडे बदला, केस विंचरा, तेवढ्यात ते जिरतं, आणि मग सनस्क्रीन.